दोन किटल्यांचा चढ

तात्या,

आक्काला आठवीत घालायचं नाही हे तुम्ही आधी ठरवलंत आणि मग कारण म्हणून हायस्कुलाच्या वाटेवरचा चढ पुढे केलात, की चढ होता म्हणून तसं ठरवलंत? दोन महिने हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही आणि त्याचं उत्तर मला देता येत नाही. आईला विचारलं तर ती म्हणाली, "गेलेल्या माणसाला आता काय उलटं टांगतीस?" आणि भाजी निवडत बसली. म्हणून तुम्हालाच विचारते आहे. तुम्हाला जाऊन तेरा वर्षं झाली, तुम्ही काही बोलणार नाही हे मला कळतं. तुम्ही होता तेव्हा तरी आम्ही विचारल्यावर कुठे बोलायचात? फार झालं तर हातातली वस्तू आपटायचात. आता तेवढंही होणार नाही, तेव्हा मी निवांत विचारू शकते.

तुम्ही गेलात तेव्हा मी सहावीत होते. आक्काचं लग्न तुम्हीच आदल्या वर्षी शेळगावला लावून दिलं होतं. आई मला घेऊन कन्हेरीची वस्ती सोडून बारामतीत आली, एमआयडीसीत पाकिटं भरायच्या कामाला लागली आणि खोलीपासून शाळा हाकेच्या अंतरावर होती. मी सपाट रस्त्यानं चालत शिकले. भूगोल घेऊन बी.ए. झाले. आपल्या घरातली पहिली. निकालाच्या दिवशी शेजारणीनं आईला पेढा भरवला तेव्हा आई काय म्हणाली माहीत आहे? "हिच्या वाटेत चढ न्हवता. थोरलीच्या वाटेत व्हता." तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. अंगावरचा तीळ दाखवावा तसं तिनं ते सांगितलं. आमच्याकडे ही गोष्ट अशीच सांगतात, अजूनही. आक्का हुशार होती, पण मध्ये चढ होता. मीही कॉलेजात मैत्रिणींना हेच सांगितलं आहे, तेही काहीशा अभिमानानं.

आता मी काम काय करते ते सांगते, म्हणजे राग कशाचा आहे ते कळेल. आपल्याकडे एक सायकल मंडळ निघालं आहे. बारामतीहून निघून इंदापूर तालुक्यात फिरून परत येणारी शर्यत भरवायची आहे त्यांना. सायकलवर किटल्या नाहीत, कॅरिअरसुद्धा नाही, नुसतं माणूस आणि दोन चाकं. या शर्यतीत वाटेतल्या प्रत्येक चढाला श्रेणी देतात. ते काम माझ्याकडे आलं, कारण मी भूगोलवाली आणि मला सायकल येते. पुण्याहून एक सर शिकवायला आले होते. रीत सोपी आहे. चढाची लांबी मीटरमध्ये घ्यायची, सरासरी उतार टक्क्यांत घ्यायचा आणि दोन्हींचा गुणाकार करायचा. शंभर मीटर पुढे गेल्यावर चार मीटर वर आलो तर उतार चार टक्के. गुणाकार आठ हजारांच्या वर गेला तर चौथी श्रेणी, सोळा हजारांच्या वर तिसरी, मग दुसरी, पहिली, आणि त्याच्याही पलीकडचा असेल तर श्रेणीबाहेर. म्हणजे नंबर जितका लहान तितका चढ अवघड. मोठ्या शर्यतींत चढ कुठे येतो तेही बघतात म्हणे. तोच चढ शेवटी, पाय दमल्यावर आला तर त्याला वरची श्रेणी देतात. पूर्वी मोटार कुठल्या गियरमध्ये वर जाते यावरून ठरवायचे असंही सर म्हणाले, पण ते खरं की नुसती गोष्ट हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

मी त्या वर्गात मोठ्यानं हसले. सर म्हणाले, काय झालं? मी म्हटलं, काही नाही सर, माझ्या वडिलांचीही अशीच रीत होती.

तुमची होतीच. वस्त्यावस्त्यांवरचं दूध गोळा करून तुम्ही डेअरीवर नेत होता, सकाळ आणि संध्याकाळ, कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन किटल्या अडकवून. चारी भरलेल्या किटल्या लावून, सीटवरून न उठता चढता येईल तो चार किटल्यांचा चढ. मग तीन किटल्यांचा, दोनचा, एकीचा. आणि काहीच जमत नसेल तो "हातानं न्यायचा". मुलुखातला एकेक चढ तुम्ही असा मोजून ठेवला होता आणि लोक तुम्हाला विचारायचे. नवा दूधवाला वाटेला लागला की तुमच्यापाशी यायचा, "तात्या, ह्यो कितीचा?" तुम्ही विडी न विझवता सांगायचात. आपल्या वस्तीवरून हायस्कुलाकडे जाणारा चढ, ओढ्याच्या पुलापासून वनखात्याच्या कुंपणाच्या तारेपर्यंतचा, तो दोन किटल्यांचा. तिथे तुम्ही दोन किटल्या पुलाशी बाभळीखाली उतरवून ठेवायचात, दोन वर पोचवायचात आणि उरलेल्या दोन न्यायला परत खाली यायचात. मला आठवतं, कारण खाली राखण करायला तुम्ही कधीमधी मला बसवायचात आणि माश्या हाकलायला टॉवेल द्यायचात. चढाकडे तोंड करून बसलेली मी, आणि तुमची पाठ वर वर जाताना बारीक होते आहे. तेव्हा मला वाटायचं, जगात याहून उंच काही नसेल.

आणि मग तो दिवस. मी सहा वर्षांची असेन. तुम्ही मोरीत बसून किटल्या धुताय. आक्का चुलीपुढे भाकरी थापते आहे. सातवीचा निकाल लागलाय, ती वर्गात पहिली आलीय. तुमच्याकडे न बघता, परातीकडे बघत ती म्हणते, "तात्या, गुरुजी म्हणत्यात सोमवारी हायस्कुलात नाव घालायला या."

"त्यो चढ दोन किटल्यांचा हाय, बाय," तुम्ही म्हणता. आवाज शांत आहे. "म्या बापय असून दोन हेलपाटं घालतो. तुझ्यानं व्हनार हाय का?"

"ढकलत नेईन की सायकल."

"रोज? पावसापान्याचं? आन् घामाघूम हून वर्गात बसशील? हसत्याल लोकं."

"हसू द्या. मग चालत जाते. मला काय किटल्या न्यायच्या हायत का?"

तुम्ही हातातलं झाकण फेकलंत. तिच्या अंगावर नाही, भिंतीवर. ते भिंतीला लागून उंबऱ्यापर्यंत घरंगळत गेलं आणि तिथे बराच वेळ गरगर फिरून थांबलं. मग तुम्ही म्हणालात, "तोंड लई सुटलंय हिचं." आणि आई म्हणाली, "भाकर करपली बघ." त्या दिवसानंतर शाळेचा विषय आपल्या घरात निघाला नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही मला एक नवी कंपासपेटी दिलीत. मी पहिलीत होते, मला त्यातलं काय कळणार? मी कर्कटकानं अंगणात गोल काढत बसले. ती पेटी कुणासाठी आणली होती हे कळायला मला कितीतरी वर्षं लागली. म्हणजे तिला पाठवायचं एकदा तरी तुमच्या मनात होतं. मग मध्ये काय झालं? मला हे जितकं कळत नाही तितका राग येतो.

दोन महिन्यांपूर्वी मी तो चढ मोजायला गेले. मंडळाची सायकल, हँडलला मोजायचं यंत्र. तेरा वर्षांनी त्या बाजूला जात होते. पूल ओलांडला, बाभळ आता नाही, तिथे विजेचा डांब आहे. मी गियर हलका केला, मान खाली घातली आणि पायडल मारू लागले. थोडा दम लागला. मग दम लागायचा थांबला. मी वर बघितलं तर दोन्ही बाजूंना डाळिंबाच्या बागा आणि रस्ता सपाट. मला वाटलं, चढ अजून यायचाय. आणखी पुढे गेले. वनखात्याची तार दिसली, मागे पडली. एक म्हातारी शेळ्या घेऊन बसली होती. मी थांबून विचारलं, "मावशी, तो दोन किटल्यांचा चढ कुठं आहे हो?"

"कंचा चढ?"

"तो ओढ्याच्या पुलावरनं वर येतो तो. पूर्वी दूधवाले दोन खेपा करायचे बघा."

तिनं माझ्याकडे बघितलं, सायकलीकडे बघितलं. "अगं बया, ह्योच की. तू आत्ता चढून आलीस न्हवं का?" आणि शेळीला म्हणाली, "शिकल्याली दिसतीया."

मी परत खाली गेले. पुन्हा चढले. एकूण चार वेळा चढले. लांबी सहाशे मीटर, सरासरी उतार साडेतीन टक्के. मध्ये एक चाळीस पावलांचा टप्पा जरा खडा आहे, बाकी काही नाही. गुणाकार दोन हजार शंभर. सगळ्यात खालच्या श्रेणीला आठ हजार लागतात, तात्या. तो चढ चढांत धरतच नाहीत. आक्काचं शिक्षण ज्याच्या पायथ्याशी थांबलं, त्याला जगाच्या हिशेबात चढ म्हणत नाहीत. मी तारेला सायकल टेकवून उभी राहिले आणि तुम्हाला शिव्या दिल्या. म्हातारी ऐकत होती. तिला वाटलं असेल नवऱ्याला देतेय.

मला वाटलं, तुम्ही खोटं बोललात. खोटं निघालं असतं तर बरं झालं असतं, राग सरळ राहिला असता. पण मला शिकवलेलं असं की मापात शंका असेल तर पुन्हा मोजायचं. मी एका दूधवाल्याकडून जुनी सायकल आणि दोन किटल्या मागून आणल्या, पाण्यानं भरल्या आणि चढायला लागले. त्या चाळीस पावलांच्या टप्प्यात पुढचं चाक वर उठायला लागलं, हँडल हातात राहीना, मी उतरले आणि ढकलत नेलं. वर पोचेपर्यंत पोटऱ्यांत गोळे आले. मला दोन जड झाल्या, तुमच्या कमावलेल्या पायांना दोन जमायच्या; म्हणजे माप बरोबर होतं. भरल्या सायकलीला तो दोनच किटल्यांचा आहे, एकही जास्त नाही. तुम्ही कष्टाचे खोटे आकडे कधी सांगितले नाहीत, हे मी मान्य करते.

पण तिथे उभ्या उभ्या माझ्या लक्षात आलं की तुम्ही तो चढ रिकाम्या सायकलीनं कधी चढलाच नव्हता. जाताना भरलेल्या किटल्या आणि चढ, येताना रिकाम्या किटल्या आणि उतार. सकाळी तसंच, संध्याकाळी तसंच. दोन खेपा करताना मधे खाली यायचात तेही रिकामे आणि उतारावरून. जन्मभर तुम्ही त्या रस्त्यावर दुधाचंच वजन मोजलंत आणि त्याला रस्त्याचं वजन समजलात. आणि ते माप उचलून तेरा वर्षांच्या पोरीच्या दप्तराला लावलंत. सगळ्यात चीड कशाची येते सांगू? तिनं तुम्हाला सांगितलं होतं. चुलीपुढे बसून, त्याच दिवशी, एका वाक्यात तिनं तुमची चूक दाखवली होती. मला काय किटल्या न्यायच्या हायत का? त्या वाक्यावर तुम्ही एक मिनिट थांबला असता. एक दिवस, फक्त एक दिवस, किटल्या घरी ठेवून तिच्यासोबत वरपर्यंत गेला असता. तेवढं सोडून तुम्ही झाकण फेकलंत. पोरगी बरोबर बोलली म्हणून तिचं तोंड सुटलं असं ठरलं. हे मी माफ करू शकत नाही आणि करावं असं मला वाटतही नाही. तुम्ही कष्टाळू होता, दारू प्यायला नाहीत, आईवर हात उचलला नाहीत, हे सगळं लोक मला सांगतात. मग काय? त्याचे आभार मानून मी गप्प बसू?

आता पुढचं ऐका. मंडळात एक वडीलधारे आहेत, सगळे त्यांना आबा म्हणतात. माझा तक्ता बघून ते चिडले. "आख्ख्या वाटंत एक बी नंबराचा चढ न्हाय? मग शर्यत हाय का वरात? पेपरवाले काय छापत्याल, सपाट जमिनीवर सायकली फिरल्या?" सगळे हसले. मग त्यांनी कन्हेरीच्या ओळीवर बोट ठेवलं. "ह्याला चार घाल की. पुलापाशी मस्त बोर्ड लावू. चौथ्या श्रेणीचा घाट."

"आबा, तो दोन हजार शंभर येतो. आठ हजार लागतात."

"कोण मोजाया येतंय, बाय? तुझ्याच गावाकडचा चढ हाय, मान मिळतूया तर घे की."

मी म्हटलं, बघते. आणि शेळगावला गेले, कारण मला वाटलं हे आधी आक्काला कळायला हवं. ती मळ्यात पेरू निवडत होती, मोठे एका क्रेटमध्ये, डागी दुसऱ्यात. मला बघून हात न थांबवता म्हणाली, "आल्या का मोजणीदारीण बाई! मग? माझ्या चढाला किती नंबर दिला?"

माझ्या चढाला, म्हणाली ती. मी तिच्याशेजारी बसून सगळं सांगितलं. लांबी, टक्के, गुणाकार, किटल्यांचं वजन. ती ऐकत होती आणि पेरू डाव्या-उजव्या क्रेटमध्ये जात होते. संपल्यावर म्हणाली, "चुकलं असंल तुझं. परत मोज."

"चारदा मोजलंय, आक्का."

"रस्ता केला नवा, तवा खाली घेतला असंल त्यो."

"नुसतं डांबर टाकलंय. आणि तूच म्हणाली होतीस ना तात्यांना, मला काय किटल्या न्यायच्या हायत का?"

"म्या?" ती खरंच चकित झाली. "म्या न्हाय बा असं कवा म्हटलं. तात्यांम्होरं? काय बी बोलतीस." तिला आठवत नव्हतं, तात्या. चेहऱ्यावरून कळत होतं. ते झाकण फिरायचं थांबलं तेव्हा तिच्या मनातून ते वाक्यही पुसलं गेलं असावं. मग मी आबांचं सांगितलं, बोर्डाचं सांगितलं. तिचे हात थांबले.

"मग घाल की चार. तुझं मोठं माणूस सांगतंय न्हवं? काय बिघडतंय तुझं?"

मी समोरचा एक पेरू उचलून क्रेटमध्ये ठेवला.

"एवढी वर्सं लोकांस्नी सांगत आले, चढ व्हता म्हून ऱ्हायलं. सासूला सांगितलं, पोरांस्नी सांगितलं. आता सांगू का, चढच न्हवता म्हून?" तिनं एक चांगला पेरू डागी क्रेटमध्ये टाकला, ते तिच्या लक्षात आलं नाही. "शाळा गेली ती गेली. त्यो चढ तरी माझा व्हता. त्यो बी काढून घ्यायला आलीस व्हय?"

मी परत येताना बसमध्ये रडले, आणि रडता रडता तुमचाच राग येत होता. चूक तुम्ही केलीत आणि ती तिला सांगायचं काम मला ठेवून गेलात. आक्का माझ्यावर चिडली. तुमच्यावर ती आजही चिडत नाही, तुमच्या फोटोला हार घालते. मी ठरवलं होतं, घालते चार. कुणाचं काय जातं? पेन्सिलीनं चार लिहिलाही, आणि तो आकडा तीन दिवस त्या रकान्यात होता.

मग एका सकाळी मी शाळेच्या वेळेला त्या पुलावर जाऊन उभी राहिले. वस्तीवरच्या पाच मुली सायकलवरून आल्या. पाठीला दप्तरं, वेण्यांना लाल रिबिनी, एकमेकींशी भांडत. त्यातली एक गाणं म्हणत होती. त्या खड्या टप्प्यात गाणं जरा तुटलं, वर पुन्हा ऐकू आलं. मी त्या विजेच्या डांबाकडे बघत होते. तिथेच तो बोर्ड लागणार. शर्यत एका दिवसात संपेल, पण बोर्ड काढायला कोण येतंय? चौथ्या श्रेणीचा घाट. कधीतरी कुणी बाप त्या बोर्डाखाली उभा राहील, मुलीला म्हणेल, बघ, सरकारदरबारी लिहिलंय, ह्यो घाट हाय. आणि त्याला बोट दाखवायला माझ्या हातचा आकडा असेल.

त्याच दिवशी मी तो चार खोडला. खरेपणासाठी केलं असं मी मंडळात सांगितलं, आईलाही सांगितलं, आणि त्या मुलींसाठी केलं हेही खोटं नाही. तुम्हाला मात्र सांगते, कारण हे पत्र कुठल्या पेटीत पडणार नाही. खोडरबर हातात घेतलं तेव्हा मुली डोळ्यांपुढे नव्हत्या. तुम्ही होता. एकदा तरी तुमचं म्हणणं खोडायचं होतं मला, आणि आक्काला त्याचं दुखेल हे माहीत असून मी ते केलं.

सोमवारी मी तक्ता जमा केला. आबांनी मान हलवली आणि ते दुसऱ्याशी बोलायला लागले. आक्का तेव्हापासून माझा फोन उचलत नाही. कन्हेरीच्या ओळीत, शेवटच्या रकान्यात, मी शाईनं "श्रेणी नाही" असं लिहून खाली सही केली आहे.